शोक सोबत घेऊन उपवासकाळ कसा पाळावा: राखेच्या बुधवारापासून पेंटेकॉस्टपर्यंत

ज्यांच्या घरात अलीकडेच मृत्यू झाला आहे, ज्यांचे एखादे जवळचे नाते कायमचे तुटले आहे, किंवा ज्यांनी जन्माला येण्यापूर्वीच मूल गमावले आहे, त्यांना उपवासकाळ (लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचे पश्चात्तापाचे आठवडे) आणि त्यानंतर येणारा पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, वर्षातील सर्वांत कठीण काळ वाटू शकतो. या दिवसांत उपासनेत पापाची व पश्चात्तापाची भाषा सतत कानी पडते, आणि आपले दुःख हीदेखील आपल्याच चुकीची शिक्षा असावी असे शोकाकुल मनाला वाटू लागते. पुढे ईस्टरची सकाळ उजाडते, सर्व मंडळी आनंदाने गाऊ लागते, आणि आपल्या घशातून मात्र सूर निघत नाही. अशा व्यक्तीने हे आठवडे कसे पाळावेत, काय करावे, काय टाळावे आणि कोणत्या वचनांपाशी थांबावे, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे. शोक लवकर संपवण्याचा उपाय म्हणून उपवासकाळाकडे पाहू नये, असे मला मनापासून वाटते. देवासमोर मोकळेपणाने शोक करण्यासाठी मंडळीने (चर्चने) राखून ठेवलेला हा काळ आहे, आणि ख्रिस्ती आशा या शोकाच्या आतच आकार घेते.

दिनदर्शिकेपासून सुरुवात करावी

पाश्चात्त्य परंपरेत राखेच्या बुधवारापासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, एकूण 46 दिवस होतात. त्यांतील 6 रविवार उपवासाचे मानले जात नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा स्मरणदिन असतो. म्हणून उपवासाचे दिवस 40 होतात. ईस्टर मंडळीच्या गणनेप्रमाणे 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही असू शकतो. पूर्वेकडील अनेक मंडळ्यांची गणना वेगळी असल्याने त्यांचा सण बहुतेक वर्षी निराळ्या दिवशी येतो. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा पुनरुत्थानकाळ असतो. उपवासाचे दिवस 40 आणि आनंदाचे 50, हे प्रमाण ध्यानात ठेवावे, कारण शोकाकुल व्यक्तीला याचा पुढे मोठा आधार होतो: आनंद एका सकाळीच अंगी यावा अशी अपेक्षा मंडळीनेही केलेली नाही.

या तारखा लिहून घेताना आपल्या स्वतःच्या तारखाही त्याच पानावर लिहाव्यात. गेलेल्या माणसाचा वाढदिवस, आजाराचे निदान झाले तो दिवस, मृत्यूचा दिवस, यांपैकी काही या काळात येत असेल तर ते आधीच कळलेले बरे. त्या दिवशी कोणाच्या घरी जायचे, कोणाला आपल्याकडे बोलवायचे, उपासनेत नावाने प्रार्थना करून घ्यायची का, हे धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी अगोदर बोलून ठरवावे. शोकात ऐनवेळी निर्णय घेणे फार जड जाते.

सहा रविवारांविषयी एक विनंती आहे. त्या दिवशी शोकाचे कोणतेही ठरवलेले काम करू नये. पत्रे वाचणे, कपाट आवरणे, विलापाचे लेखन, हे सगळे बाजूला ठेवावे आणि शक्य असल्यास कोणाबरोबर तरी जेवावे. दुःख त्या दिवशीही असणारच, परंतु त्याची सेवा करण्यातून त्या दिवसापुरती सुटी घेण्यात गेलेल्या माणसाचा कोणताही अपमान होत नाही.

उपवास कोणता आणि किती

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला कोणताही उपदेश केला नाही. त्याने त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. त्यानंतरच एलीया 40 दिवस व 40 रात्री चालून होरेब डोंगरापर्यंत पोहोचला. ज्यांची भूक व झोप शोकानेच हिरावून घेतली आहे, त्यांनी हा क्रम आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे. त्यांच्यासाठी वेळेवर जेवणे हीच या काळातील आज्ञाधारकता आहे. कॅथलिक मंडळीचा उपवासाचा नियम वयाच्या 18 व्या वर्षापासून 60 वे वर्ष लागेपर्यंत लागू होतो, आणि आजारी माणसांना त्यातून सूट असते. शोकाने शरीर खचले असेल तर ही सूट संकोच न बाळगता मागावी.

अन्नाऐवजी दुसरे काही सोडायचे असेल, तर ज्या गोष्टीने आपण दुःखाचा आवाज दडपतो ती निवडावी. अनेकांच्या बाबतीत ती रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणे ही असते. काहींच्या बाबतीत स्वतःला सतत कामात बुडवून घेणे असते. रोज अर्धा तास जरी ते थांबवले, तरी जे आत साचले आहे ते वर येते. ते वर येईल याची तयारी ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात ही वेळ थोडीच ठेवावी.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास यांविषयी एकत्र बोलतो. शोकाकुल माणसाने यांतील दानधर्माकडे विशेष लक्ष द्यावे. गेलेल्या व्यक्तीला ज्याची कळकळ होती, मग ते एखाद्या मुलाचे शिक्षण असो की रुग्णसेवा, तिकडे आपल्या ऐपतीप्रमाणे पैसा, वेळ किंवा श्रम वळवावेत. ज्याच्यावर प्रेम करायचे ते माणूस नाहीसे झाले तरी प्रेम उरते आणि त्याला जाण्यासाठी वाट लागते.

अपराध आणि शोक यांची गल्लत

या काळातील सर्वांत नाजूक गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. आणखी लवकर डॉक्टरांकडे नेले असते तर, त्या रात्री फोन उचलला असता तर, शेवटच्या भेटीत तसे बोललो नसतो तर, असे विचार जवळजवळ प्रत्येक शोकाकुल मनात फिरत असतात. उपवासकाळातील पश्चात्तापाच्या प्रार्थना ऐकताना हे विचार पापाचा वेष घेऊन उभे राहतात. म्हणून राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत एक कागद घ्यावा आणि मनाला बोचणारी प्रत्येक गोष्ट त्यावर लिहावी. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: त्या वेळी मला जे ठाऊक होते आणि माझ्या हातात जे होते, त्यावरून मी जाणूनबुजून वाईट वागलो होतो का?

ज्यांचे उत्तर होय असे येईल, ती खरी कबुलीची बाब आहे. ती धर्मगुरूंसमोर पापनिवेदनात, किंवा ज्या मंडळीत तशी पद्धत नाही तेथे पाळकांसमोर अथवा एकांतात देवासमोर स्पष्ट शब्दांत मांडावी, क्षमेचा शब्द ऐकावा आणि ती ओळ खोडावी. बाकीच्या ओळी, आणि त्याच बहुधा जास्त असतात, पापाच्या नसून विरहाच्या असतात. त्यांना क्षमेची गरज नाही. त्यांना विलापाची गरज आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले, हे योहानाच्या नवव्या अध्यायातील उत्तर या कागदाच्या वरच्या बाजूस लिहून ठेवावे. राखेच्या बुधवारी कपाळावर किंवा डोक्यावर राख लावताना, माणूस माती आहे आणि मातीला परत जाईल, हे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन ऐकवले जाते. ज्याने नुकतीच आपल्या माणसावर माती लोटली आहे, त्याला ते वेगळ्याच तीव्रतेने ऐकू येते. ते ऐकताना डोळे भरले, तर भरू द्यावेत.

विलाप कसा करावा

स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, तरीही आपल्या सामुदायिक गायनात त्यांना क्वचितच जागा मिळते. सुरुवात तेराव्या स्तोत्राने करावी. ते अवघ्या सहा वचनांचे आहे: आधी कोठवर असा चार वेळा विचारलेला प्रश्न, मग विनवणी, आणि शेवटी विश्वासाचे शब्द. एक आठवडा रोज ते मोठ्याने वाचावे, कारण विलाप गळ्यातून बाहेर पडण्यासाठीच रचलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात त्याच क्रमाने स्वतःचा विलाप लिहावा. देवाला उद्देशून लिहावे, त्याच्याविषयी लिहू नये. भाषा सुंदर असण्याची गरज नाही, राग आला तर राग लिहावा, आणि विश्वासाचा तिसरा भाग लिहिता आला नाही तर ती जागा कोरी ठेवावी.

ती जागा बरेच दिवस कोरी राहिली, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडावे. त्याचा शेवट अंधारात होतो, त्यात आशेचा उजळ समारोप नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याने ही प्रार्थना शास्त्रात राहू दिली, त्या देवासमोर आपली अपुरी प्रार्थनाही उभी राहू शकते. विलापगीताचे पुस्तकही याच काळात सावकाश वाचावे. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे त्यातील प्रसिद्ध वचन तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मध्यभागी येते. त्यानंतर रडणे पुन्हा सुरू होते आणि पाचव्या अध्यायाचा शेवट तर देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय अशा शंकेवर होतो. आशा एकदा गवसली की दुःख मागे पडते, असा अनुभव न आलेल्या माणसाला ही रचना फार प्रामाणिक वाटेल. मंगळवारी आशा वाटणे आणि गुरुवारी ती न वाटणे, यात श्रद्धा ढळल्याचे काहीही लक्षण नाही. शब्द अजिबातच सुचत नसतील, तर शांत बसावे. आपल्याला योग्य प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात योहानाचा अकरावा अध्याय वाचावा. बेथानीच्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि अगदी एकच वाक्य बोलतात: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही; मेलेला भाऊ लाजर याला कोठे ठेवले आहे एवढेच विचारतो आणि रडतो. तक्रार एकच, पण एकीला शब्द हवे होते आणि दुसरीला सोबत. आज आपण मार्था आहोत की मरीया, हे ओळखावे आणि जवळच्या माणसांना तसे सांगावे. थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, ही गोष्ट मला या संपूर्ण अध्यायातील चमत्काराइतकीच मोलाची वाटते, कारण शेवट चांगला होणार आहे म्हणून अश्रू अनावश्यक ठरत नाहीत, हे त्यातून कायमचे सिद्ध होते.

पवित्र आठवडा, आणि विशेषतः शनिवार

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमेत होती. गेथशेमाने या बागेत प्रभूच्या अटकेचा वृत्तांत वाचला जात असता लोकांचा आक्रोश शहरापर्यंत ऐकू जाण्याइतका मोठा होता, असे तिने आपल्या वृत्तांतात नोंदवले आहे. मंडळीने मोठ्याने रडण्याची परंपरा इतकी जुनी आहे. म्हणून या आठवड्यात चर्चमध्ये डोळे पुसत बसणाऱ्याने संकोचू नये. मात्र ज्यांनी आपल्या माणसाचा वेदनामय मृत्यू जवळून पाहिला आहे, त्यांना गुड फ्रायडेचे वाचन किंवा क्रुसाच्या वाटेची 14 स्थाने (ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे टप्पे) असह्य होऊ शकतात. त्यांनी दाराजवळ बसावे, सोबतीला एक माणूस घ्यावे आणि गरज वाटल्यास बाहेर यावे. गेथशेमानेत स्वतः येशूनेही आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे सांगून मित्रांना जवळ थांबण्याची विनंती केली होती. पवित्र गुरुवारी रात्री आपणही कोणाला तरी तसे म्हणू शकतो.

पवित्र शनिवार बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशीच्या तयारीत निघून जातो. शोकाकुल माणसाने तो निसटू देऊ नये, कारण मृत्यू घडून गेला आहे आणि नवे काहीच दिसत नाही, अशी जी अवस्था तो रोज जगतो, तिला मंडळीने हा संपूर्ण दिवस दिला आहे. कॅथलिक परंपरेत या दिवशी रात्रीच्या जागरविधीपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या पूर्वरात्रीच्या उपासनेपर्यंत, मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) होत नाही आणि वेदीवर वस्त्र नसते. लूक सांगतो की गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि मग आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. या दिवसाचे नियोजन त्यांच्याकडून घ्यावे: प्रेमाने करण्याजोगे एक लहान काम, आणि मग विश्रांती. कबरेजवळचे गवत काढावे, किंवा एखादे छायाचित्र नीट चौकटीत बसवावे. घर विकणे, सर्व कपडे देऊन टाकणे असे मोठे निर्णय या दिवशी घेऊ नयेत. संध्याकाळपर्यंत स्वतःला बरे वाटायला लावण्याचा कोणताही प्रयत्न करू नये.

रात्रीच्या जागरविधीत नवा अग्नी पेटवून त्यावरून पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, आल्फा व ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे बसवलेले असतात. बाप्तिस्म्याच्या वेळी हीच मेणबत्ती लावतात आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवतात. आपल्यापैकी कित्येकांनी ती शेवटची तेथेच पाहिलेली असते. म्हणून तिच्या ज्योतीवरून आपली मेणबत्ती पेटवताना गेलेल्या माणसाचे नाव मनात घ्यावे, आणि बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारताना त्यानेही कधी काळी हीच वचने घेतली होती, हे आठवावे.

ईस्टरची सकाळ आणि पुढचे 50 दिवस

पहिल्या ईस्टरच्या सकाळी कोणीही गात नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानात स्त्रिया कबरेपासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया रिकाम्या कबरेबाहेर रडत उभी आहे. देवदूत दिसूनही तिचे रडणे थांबत नाही, आणि समोर उभा असलेला येशूही तिला माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हाच तिला ओळख पटते. उपवासकाळात बाजूला ठेवलेला आलेलुया हा स्तुतीचा घोष या सकाळी पुन्हा गायला जातो. आपल्याला तो गाता येत नसेल तर उभे राहावे आणि इतरांना आपल्या वतीने गाऊ द्यावे. यात ढोंग नाही. मंडळी एक शरीर आहे म्हणण्याचा अर्थ असाच प्रत्यक्षात येतो.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एक वचन या दिवसांत शोकाकुलांना वारंवार ऐकवले जाते: आशा नसलेल्यांसारखा खेद करू नये. पौल तेथे खेद करण्यास मनाई करत नाही. आशा असलेल्या माणसाने कसा खेद करावा, हे तो सांगतो. पुनरुत्थित प्रभूच्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि आठ दिवसांनी त्याने शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याच दाखवल्या. मरण जिंकणाऱ्या देहावर जर जखमांच्या खुणा राहिल्या, तर नूतनीकरण म्हणजे विसरणे, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

शोकाकुलांच्या सोबत असणाऱ्यांनी या काळात अम्माऊसच्या वाटेचा वृत्तांत, लूकाचा चोविसावा अध्याय, पुन्हा वाचावा. आम्हांला आशा होती, असे त्या वाटेने चाललेले दोघे शिष्य, सोबत चालणाऱ्या येशूला न ओळखता, भूतकाळात बोलतात. येशूला सर्व ठाऊक असूनही तो आधी काय घडले ते विचारतो आणि त्यांना पूर्ण सांगू देतो. आपणही गेलेल्या माणसाविषयी विचारावे आणि त्याचे नाव उच्चारावे. देवाची इच्छा होती, किंवा आता सावरायला हवे, ही वाक्ये टाळावीत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मूकपणे बसले, तोवर ते खरे मित्र होते. ते स्पष्टीकरण देऊ लागले आणि त्याचे ओझे वाढले.

काही वेळा प्रार्थना व सोबत पुरेशी ठरत नाही. अनेक महिने दैनंदिन जीवन ठप्प राहिले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्रतेने टिकणाऱ्या व जगणे अडवणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. मरणाचे विचार येत असतील तर मात्र एकही दिवस न थांबता कोणाला तरी सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. एलीयाला मदत लागली होती, आणि ती देवाकडूनच आली होती.

पुनरुत्थानकाळाच्या उत्तरार्धात एक काम निवडावे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात समुद्रकिनारी कोळशांचा विस्तव, मासे आणि भाकर तयार ठेवून येशू शिष्यांना जेवायला बोलावतो. आपल्याला तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राला तो तीन वेळा प्रीतीविषयी विचारतो आणि प्रत्येक वेळी मेंढरांची काळजी घेण्याचे काम सोपवतो. जेवण आधी, काम नंतर, हा क्रम येथेही तोच आहे. निवडलेले काम लहान असावे, आठवड्यातून एकदाच करावयाचे असावे आणि शक्यतो दुसऱ्या कोणाबरोबर करण्याचे असावे: शोकामुळे सोडून दिलेल्या गायनसंघात परत जाणे, रविवारच्या शाळेत एका वर्गाला मदत करणे, किंवा अलीकडेच जोडीदार गमावलेल्या एखाद्या शेजाऱ्याला भेटत राहणे. ते पेंटेकॉस्टपर्यंत करून पाहावे. झेपत नसेल तर आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना सांगून थांबावे, आणि झेपत असेल तर पुढे चालू ठेवावे. विलापाचा कागद मात्र फाडू नये. त्यातील कोरी ठेवलेली जागा पुढील कोणत्याही महिन्यात भरता येते.